दोन-वीसच्या गाडीची भूक

शिओमी स्टेशनावरच्या चौकशीच्या खिडकीमागे ओरिए काजितानी बावीस वर्षं बसत होती, आणि या बावीस वर्षांत तिनं एकाही प्रवाशाला "इथं जेवा" असं सांगितलं नव्हतं. सांगायचंच नाही, असा नियम होता. गावातली त्रेचाळीस खाण्याची दुकानं पर्यटन संघाची सभासद. एकाचं नाव घेतलं की बेचाळीस जण फुगून बसणार. म्हणून कुणी विचारलं की छापील नकाशा पुढं सरकवायचा, हसायचं आणि म्हणायचं, "सगळीच दुकानं चांगली आहेत. आपल्या आवडीनं निवडा."

हे वाक्य दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणणं ओरिएच्या जिवावर यायचं, कारण सगळीच दुकानं चांगली नव्हती आणि हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे वडील माकूळ धरणाऱ्या होडीवर होते. आई मासे साफ करण्याच्या शेडमध्ये उभी राहून आयुष्यभर सुरी चालवत होती. स्वतः ओरिए लग्नानंतर सुक्या माशांच्या कारखान्यात होती, तो बंद पडल्यावर या खिडकीत आली. कुणाचं कढण सुकवलेल्या उडत्या माशाचं आणि कुणाचं पुडीतलं, हे ती दुकानावरून सायकलनं जाताना नुसत्या वासावरून सांगू शकली असती. कुणाकडे पहाटेच्या लिलावातला मासा येतो, मुलानं कारभार हाती घेतल्यापासून कुणाचा भात कोरडा व्हायला लागला, सगळं तिला माहीत. आणि सांगायचं मात्र कुणाला? घरी नवरा सेइजी. तो गावच्या कचऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, बातम्या बघत बघत पुढ्यात येईल ते खाणारा. एकदा तिनं मोठ्या हौशीनं आणलेला मोसमातला पहिला बुरी मासा खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं होतं, "आज कोंबडी होती का?"

तरी पूर्वी बरं चाललं होतं. लांबची गाडी दुपारी बाराला यायची, लोक उतरायचे, बंदराकडे चालत जायचे, आणि दहापैकी सहा जणांना नशिबानं बरं काहीतरी मिळायचं. तीन वर्षांपूर्वी वेळापत्रक बदललं आणि गाडी दोन-वीसला यायला लागली. गाडीतला खाण्याचा फिरता गाडाही त्याच सुमारास बंद झाला. शिओमीतल्या खानावळी दुपारी दोनला दारावरचे कापडी पडदे उतरवून बंद होतात ते पाचला उघडतात. पन्नास वर्षं असंच चाललेलं. मालक पहाटे चारला उठलेले असतात, ते दोनला आडवे होणारच. म्हणजे झालं असं, की टोकियो-ओसाकाकडून पाच-पाच तास प्रवास करून, समुद्राचे मासे खायचे म्हणून उपाशी राहून आलेली माणसं नेमकी बंद दारांसमोर उतरायला लागली. आणि तिथून थेट ओरिएच्या खिडकीत.

"सगळं बंद? सगळं म्हणजे सगळं?"

"पाच वाजता उघडेल हो."

"आमची परतीची गाडी चार-पन्नासला आहे."

अशा वेळी ओरिएनं काय करावं? ती क्षमा मागायची, वाकून वाकून मागायची. लोक समोरच्या चोवीस तास उघड्या दुकानात जाऊन पाव आणि अंड्याचं सँडविच घ्यायचे आणि स्टेशनच्या बाकावर, समुद्राकडे तोंड करून खायचे. ते बघून तिचं डोकं फिरायचं.

दुपारीही उघडं असणारं दुकान एकच होतं, मुकाइदाचं. त्याचा 'सप्तरंगी वाडगा' एकदा टीव्हीवर आला, आणि तेव्हापासून तिथं दीड-दीड तास रांग. वाडग्यात सात रंगांचे मासे, त्यातले चार परदेशातून गोठून आलेले. शिओमीच्या समुद्रात सॅल्मन येत नाही, हे गावातल्या मांजरालाही ठाऊक. पण फोटो सुरेख यायचा. खिडकीत येऊन लोक विचारायचे, "तो सात रंगांचा वाडगा कुठं मिळतो?" हे विचारलं तर मात्र रस्ता दाखवायला हरकत नव्हती. प्रवाशानं स्वतःहून नाव घेतलं तर सांगायचं, हाही नियमच. ओरिए दात आवळून बोट दाखवायची. डावीकडे, पुलावरून सरळ.

मग संघात त्सुकुदासाहेब आले. चाळिशीचे, प्रांताच्या मोठ्या ऑफिसातून आलेले, बोलायला गोड. त्यांनी स्टेशनात माणसाच्या उंचीचा एक पडदा बसवला. बोट लावलं की दुकानं दिसायची, फोटोसकट, आणि वरून खाली लोकांनी दिलेल्या ताऱ्यांच्या क्रमानं.

ओरिएनं पहिल्याच दिवशी तो उघडून पाहिला. मुकाइदा सगळ्यात वर. त्रेचाळीसपैकी एकोणीसच दुकानं पडद्यावर. बाकीच्यांनी फोटो पाठवलेच नव्हते, कारण बाकीचे मालक सत्तरीच्या पुढचे.

"साहेब, हे बरोबर नाही," ती म्हणाली.

"काय बरोबर नाही, काजितानीबाई?"

"बावीस वर्षं मला तोंड उघडू दिलं नाही, सगळ्यांना समान म्हणून. आणि हा पडदा उघड-उघड सांगतोय की पहिला कोण आणि शेवटचा कोण. त्याला नियम नाही का?"

साहेब हसले. "ते आपण नाही सांगत, लोक सांगतात. त्यात पक्षपात कसला?"

"लोकांना सुकवलेला उडता मासा आणि पुडी यातला फरक कळतो का?"

"बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता," साहेब म्हणाले आणि कसलासा फोन आला म्हणून बाहेर गेले.

पडद्यावर नसलेल्या दुकानांतलं एक होतं तोकीमावशीचं. बंदरामागच्या गल्लीत, नऊ खुर्च्यांची खानावळ. तोकी आणि ओरिएची आई एकाच शेडमध्ये वीस वर्षं मासे कापत होत्या, म्हणून ती मावशी. वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. तिच्याकडे पदार्थांची यादी नव्हती. सकाळी जो मासा मिळाला तो सोया सॉस, साखर आणि आल्यात मंद आचेवर शिजवलेला, भात, कढण, लोणचं. सोमवारी ओरिएची सुट्टी, तेव्हा ती तिथं जेवायची. चपटा कारेई मासा असला तर ती तो काट्यांपर्यंत साफ करायची, आणि मावशी बघून म्हणायची, "मांजरासाठी काही ठेवशील की नाही?"

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दोन-वीसच्या गाडीतून एक म्हातारा आणि त्याची मुलगी उतरले. मुलगी पस्तिशीची, साकुमा तिचं आडनाव. म्हातारा चाकं लावलेल्या वॉकरला धरून चालत होता, चेहरा कागदासारखा पांढरा. ओरिएनं नेहमीचं वाक्य म्हटलं, क्षमा मागितली, समोरचं दुकान दाखवलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, चला, पाव घेऊ. तुम्हाला गोळ्या घ्यायच्यात."

म्हातारा तिथंच थांबला. "मी सैतामाचा माणूस. जन्मभर शाळेची बस चालवली. समुद्र एकोणीस वेळा पाहिला, मोजून. आणि विसाव्या वेळी समुद्राच्या गावात येऊन मी पाव खाऊ?"

"बाबा, हट्ट करू नका ना."

"हट्ट नाही गं. भूक आहे." आणि तो बाकावर बसला तो जवळजवळ कोसळलाच.

ओरिएनं खिडकीवर 'लगेच येते' अशी पाटी टांगली. बावीस वर्षांत ती पाटी फक्त बाथरूमला जाण्यासाठी टांगली गेली होती. तिनं त्या दोघांना टॅक्सीत घातलं, स्वतः पुढं बसली, आणि तोकीमावशीच्या मागच्या दारी जाऊन कडी वाजवली.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग आतून आवाज आला. "मेलं का कुणी?"

"मावशी, मी ओरिए. दोन माणसं आहेत. त्यातले एक आजोबा आहेत, त्यांना चक्कर येतेय."

दार उघडलं. मावशीच्या गालावर उशीची घडी उमटली होती. "चूल विझलीय. मासा संपला. मी आत्ताच पाय वर करून पडले होते. तुला घड्याळ कळत नाही?"

"कळतं. पण मावशी…"

मावशीनं ओरिएच्या खांद्यावरून म्हाताऱ्याकडे बघितलं. आत गेली, आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. तिनं त्यांना जे दिलं ते स्वतःसाठी ठेवलेलं होतं: अर्धा बांगडा, मिठात भाजलेला, सकाळचा भात, त्यावर ओतायला गरम चहा, मुळ्याचं लोणचं. म्हाताऱ्यानं बांगड्याचं डोकंसुद्धा सोडलं नाही. खाऊन झाल्यावर तो जेवणाच्या काड्या नीट आडव्या ठेवून म्हणाला, "हे बघा, मी यासाठी आलो होतो."

मावशी म्हणाली, "मग पुढच्या वेळी बाराला या."

पण तिनं पैसे घेतले नाहीत. आणि ओरिए खिडकीकडे परत आली तेव्हा तिला किती वर्षांनी आपल्या हातून काहीतरी खरं घडल्यासारखं वाटत होतं. त्या रात्री तिनं सेइजीला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "बरं झालं," आणि आवाज वाढवला. टीव्हीचा.

अकरा दिवसांनी, सोमवारी, ओरिए जेवायला गेली तर खानावळीचं पुढचं दार बंद. मागच्या दाराशी सहा-सात माणसं उभी. एकाच्या हातात मोबाईल वर धरलेला. दार ठोठावणं चालू.

"तुम्ही कुणाची वाट बघताय?" ओरिएनं विचारलं.

एक तरुणी उत्साहानं म्हणाली, "इथं दुपारी दोननंतर मागच्या दारानं जेवण मिळतं ना! गुप्त जागा आहे. आजी आधी रागावतात, पण मग स्वतःच्या ताटातलं वाढतात. आणि पैसे घेत नाहीत म्हणे. नाही, आम्ही देऊच हं."

तिनं मोबाईल पुढं केला. स्टेशनातल्या पडद्यावर तारे जिथून येतात त्याच साइटवर साकुमाच्या मुलीनं लिहिलं होतं. मनापासून लिहिलं होतं, शब्दाशब्दांत कृतज्ञता होती, बांगड्याचा फोटो होता, मागच्या दाराचाही होता. 'स्टेशनावरच्या चौकशीच्या खिडकीतल्या बाईंना विचारा' असंही होतं. पाच तारे.

ओरिएनं त्या लोकांना हात जोडून परत पाठवलं. ते गेले, पण जाताना दाराचे फोटो काढून गेले. मग ती आत गेली. मावशी खालच्या पायरीवर बसली होती, गुडघ्यावर ओला टॉवेल.

"सहा दिवस," मावशी म्हणाली. "सहा दिवस मी दुपारची पडलेली नाही. शनिवारी एकानं खिडकीतून डोकावलं, मी घोरत होते तेव्हा. आज पुढचं दार उघडलंच नाही. उभंच राहवेना."

"मावशी, मला खरंच कल्पना नव्हती…"

"तुला कशी असेल? तुला फक्त लोकांना खायला घालायचंय. माझ्या हातून." तिनं टॉवेल पिळला. "तुझी आई अशी नव्हती. ती आधी विचारायची."

हे लागलं. मावशी म्हणाली, "जा आता," आणि सोमवारचं जेवण बंद झालं.

पुढचे दिवस ओरिए रोज स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत, दोन-वीसची गाडी गेली की सायकल काढून त्या गल्लीत जायची आणि मागच्या दाराशी उभी राहायची. "बंद आहे. इथं काही मिळत नाही. आजींना विश्रांती घेऊ द्या." घरून आणलेला डबा तिथंच उभ्यानं खायची. आतून मावशी तिचा आवाज ऐकत असणार, पण दार कधी उघडलं नाही. ओरिएनं साकुमाच्या मुलीला पत्र लिहिलं. मुलगी रडवेली झाली, तिनं लिहिलेलं काढून टाकलं, पण तोवर ते दुसऱ्या तिघांनी उचललं होतं. ओरिएनं पडद्याच्या कंपनीला फोन केला. तिथल्या माणसानं अत्यंत आदरानं अर्धा तास बोलून काहीही केलं नाही.

आणि अर्थातच मुकाइदानं तक्रार केली. संघाच्या चौकशीच्या खिडकीतून एका दुकानाची जाहिरात होते, तीही मागच्या दारानं, वगैरे.

त्सुकुदासाहेबांनी तिला बोलावलं. "काजितानीबाई, नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"साहेब, तो माणूस पडला असता."

"अँब्युलन्स बोलावायची."

ओरिएनं त्यांच्याकडे बघितलं. तिला हसावं की काय करावं कळेना. "भुकेला अँब्युलन्स?"

साहेबांनी तिला लेखी माफी लिहून द्यायला सांगितली. तिनं लिहून दिली. अक्षर तिचं सुरेख होतं. पण त्याच कागदाच्या मागं तिनं आणखी काही लिहिलं: दोन-वीसच्या गाडीतून सप्टेंबरात किती माणसं उतरली, त्यातल्या किती जणांनी जेवणाचं विचारलं, किती जण स्टेशनच्या बाकावर पाव खाऊन परतले. ती हे तीन वर्षं वहीत टिपत होती, कुणी मागितलं नव्हतं तरी. खाली एक ओळ: 'हा विषय पुढच्या सभेत घ्यावा.'

सभा नोव्हेंबरात झाली. ओरिएनं सुचवलं, की रोज एका दुकानानं पाळीपाळीनं दोन ते पाच उघडं राहावं. त्रेचाळीस दुकानं, म्हणजे दीड महिन्यात एकदा पाळी. तिला वाटलं होतं, इतकी सोपी गोष्ट आहे, कोण नाही म्हणेल.

सगळे म्हणाले. एकाची बायको आजारी. एकाला दुपारी नातवाला आणायचं असतं. एकजण म्हणाला, पाळीच्या दिवशी पाऊस पडला आणि कुणीच आलं नाही तर नुकसान कुणाचं? मुकाइदा म्हणाला, "मी रोज उघडा आहे की. लोकांना माझ्याकडे पाठवा." त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. त्सुकुदासाहेब म्हणाले, विषय महत्त्वाचा आहे, अभ्यास समिती नेमू. दीड तास गेला. ओरिए खाली बघून वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत राहिली. यांच्यासाठी बावीस वर्षं मी तोंड शिवून बसले, असं तिच्या मनात येत होतं.

तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला. "दुपारी उघडायला नको. सकाळी करून ठेवलं तर?"

तोकीमावशी. ती सभेला कधी यायची नाही. आज काठी घेऊन आली होती.

"भाताचे गोळे," मावशी म्हणाली. "आत मासा भरून. सकाळी जो असेल तो. मी दहा करीन, बाकी कोण करतंय ते हात वर करा. स्टेशनात खिडकीपाशी ठेवायचे. ही बसलेलीच असते तिथं रिकामी, ही विकेल."

"रिकामी नसते मी," ओरिएच्या तोंडून निघालं.

"मग जास्तच बरं," मावशी म्हणाली. तिनं ओरिएकडे बघितलं नाही.

मावशीचा धरून सात हात वर झाले. त्सुकुदासाहेबांना आरोग्य खात्याची परवानगी, काचेची पेटी, कुणाचे गोळे कुठल्या फळीवर ठेवायचे याचा समान नियम, असं सगळं आठवलं, आणि त्यात फेब्रुवारी उजाडला. फळ्यांची जागा रोज फिरवायची असं ठरलं, म्हणजे कुणाला वरची फळी कायमची मिळू नये. ओरिएला रोज सकाळी ती फिरवाफिरव करावी लागायची, आणि रोज सकाळी ती मनातल्या मनात संघाच्या नावानं बोटं मोडायची.

पहिल्या दिवशी बर्फ पडत होतं. दोन-वीसच्या गाडीतून चौदा जण उतरले. पाच जण थेट मुकाइदाच्या रांगेकडे गेले. दोघं पडद्याला बोटं लावत बसले. एका पोरगेल्याशा माणसानं काचेच्या पेटीकडे बघून विचारलं, "यातला बेस्ट कुठला?"

ओरिएच्या जिभेवर आलं. वरून दुसरी फळी, केळीच्या पानासारख्या हिरव्या कागदातला, आत सोया आणि आल्यात शिजवलेला कारेई, काटे एकेक करून हातानं काढलेले. आलं आणि तिथंच थांबलं.

"सगळेच चांगले आहेत," ती म्हणाली.

त्यानं ट्यूना-मेयोनीज आहे का विचारलं. नव्हतं. तो समोरच्या दुकानात गेला. दिवसभरात सगळ्या गाड्या मिळून सत्तरपैकी एकवीस गेले.

संध्याकाळी ती उरलेले गोळे परत द्यायला गल्लोगल्ली फिरली. मावशीच्या दहापैकी तीन उरले होते. मागचं दार या वेळी लगेच उघडलं.

"सातच?" मावशी म्हणाली.

"बर्फ होतं."

"बर्फात भूक लागत नाही का लोकांना?" मावशीनं एक गोळा उघडून वास घेतला, तोंडात टाकला, चावला. "मीठ कमी पडलंय. गार झाल्यावर अळणी लागतं, हे मला या वयात कळावं." तिनं दुसरा ओरिएच्या हातात कोंबला. "खा आणि सांग. खरं सांग, ते खिडकीतलं बोलू नको."

ओरिएनं दारातच उभी राहून खाल्ला. "आलं जास्त झालंय," ती म्हणाली. "आणि भात दाबलाय फार. प्रवासात बसून खाताना सुटत नाही."

"दाबला नाही तर फुटतो."

"थोडा कमी दाबा."

"तू ये पहाटे आणि दाखव कसा दाबायचा. मोठी आली सांगणारी." मावशी पाठ फिरवून आत गेली, पण दार तिनं लावलं नाही, आणि आतून ओरडली, "चार वाजता. सव्वाचार नाही."